एकच साचा, नवा क्रमांक : छोट्या मालडब्यांचा मोठा व्यापार

अमेरिकेत तीस डॉलरच्या आसपास मालगाडीचा एक डबा विकत मिळतो. डबा अर्थात खराखुरा नव्हे. खऱ्या डब्याची १६० पटीने लहान केलेली हुबेहूब प्रतिकृती. लांबी जेमतेम साडेसात सेंटिमीटर, म्हणजे आगपेटीपेक्षा थोडी जास्त. बाजूवर रेल्वे कंपनीचे नाव, डब्याचा क्रमांक, वजनाचे आकडे, कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख, सारे काही छापलेले असते. अक्षरे इतकी बारीक की वाचायला भिंग घ्यावे लागते. हा माल घेणारी लहान मुले असतील असे वाटेल, पण तसे नाही. निवृत्त इंजिनिअर, बँकेतले लोक, डॉक्टर, ट्रक चालवणारे असे पिकल्या केसांचे गिऱ्हाईक यात जास्त आहे. आणि हे लोक एक डबा घेऊन थांबत नाहीत. शेकड्याने घेतात, आणि पुढचा डबा कधी निघतो याची वाट पाहत बसतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. खेळण्यांच्या धंद्याशी आमचा संबंध नाही. पण हा धंदा जवळून पाहिल्यावर आमची खात्री झाली की यंत्रमाग आणि साडीच्या पेठेत ज्याचे आयुष्य गेले त्याला यातली प्रत्येक खुबी ओळखीची वाटेल. म्हणून हा लेख.

प्रथम मापाविषयी. या छोट्या रेल्वेची दोन मापे सर्वात चालतात. एक ‘एचओ’, खऱ्याच्या सत्याऐंशीवा भाग. तिच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. दुसरे ‘एन’, एकशेसाठावा भाग. रुळांतील अंतर ९ मिलिमीटर. एन माप जर्मनीतील न्युरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आणले. घरात जागा कमी असणाऱ्यांना ते सोयीचे पडले आणि अमेरिकेतही रुजले. चाळीस फुटी डबा एचओमध्ये चौदा सेंटिमीटर भरतो, एनमध्ये साडेसात.

साचा महाग, रंग स्वस्त

आता धंद्याची मेख पाहू. डब्याचे प्लॅस्टिकचे अंग ओतण्यासाठी पोलादी साचा लागतो. खऱ्या डब्याचे नकाशे मिळवायचे, प्रत्येक रिबिट आणि शिडीची पायरी कोरायची, सगळे भाग एकमेकांत बसतात की नाही ते पाहायचे. या कामाला हजारो डॉलर लागतात. डबा बारकाव्याचा असेल तर खर्च लाखाच्या घरात जातो. एकदा साचा तयार झाला की मात्र प्लॅस्टिक ओतायला फारसे लागत नाही. मग हा खर्च भरून कसा काढायचा? उत्तर सोपे आहे. तोच डबा पुन्हा पुन्हा विकायचा, दर वेळी नव्या रंगात, नव्या कंपनीच्या नावाने, आणि तेही संपले तर नुसत्या नव्या क्रमांकाने.

आमच्याकडे काय वेगळे होते? मागावर एकदा बांधणी बसली की तीच साडी, काठाचा रंग बदलून, पदर बदलून, दोन-दोन वर्षे चालते. छपाईत तर साम्य आणखी जवळचे आहे. डब्यावरची अक्षरे मऊ सिलिकॉनच्या गादीने छापतात. कोरलेल्या पट्टीवरची शाई ती गादी उचलते आणि डब्यावर टेकवते. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी आणि वेगळा हात. चार रंग असले की चार वेळा टेकवायचे, आणि एकदा जरी केसभर सरकले तरी नग बाद. ठशाची छपाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

नुसता क्रमांक बदलला तर गिऱ्हाईक पुन्हा का घेते, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण खऱ्या रेल्वेत आहे. अमेरिकेत रेल्वे अनेक खासगी कंपन्यांच्या, आणि प्रत्येक डब्यावर त्याच्या मालकाची खूण व स्वतःचा क्रमांक. सारखे दोन क्रमांक कधीच नसतात. पुलमन-स्टँडर्ड या कारखान्याने १९४७ पासून ‘पीएस-१’ नावाचा बंदिस्त मालडबा बनवला. असे डबे लाखाच्या वर निघाले आणि अनेक कंपन्यांनी ते आपापल्या रंगात चालवले. तेव्हा शौकिनाने वीस डब्यांची गाडी जोडली आणि वीसही डब्यांवर एकच क्रमांक असला, तर त्याच्या डोळ्यांना ते खुपते. त्याला वीस वेगळे क्रमांक हवेत. कारखानदाराला यापेक्षा चांगले काय हवे?

पूर्वी एका रंगाचा एक क्रमांक निघे आणि दुसऱ्यासाठी वर्षे जात. आता बरेच कारखानदार एकाच वेळी सहा किंवा बारा क्रमांक काढतात. पूर्वीचे गिऱ्हाईक एक घेऊन समाधान मानी, आताचे बारा घेते. हा फरक ज्याने प्रथम ओळखला त्याचे व्यापारी डोके मानले पाहिजे.

कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी ‘केडी’ कंपनी काढली. नाव दोघांच्या आद्याक्षरांवरून. डबे एकमेकांत आपोआप अडकवणारी आणि चुंबकाने सुटणारी त्यांची कडी इतकी गाजली की साऱ्या धंद्याने ती धरली. १९९० मध्ये भाऊ वेगळे झाले. मोठ्या मापाचे काम केडीकडे राहिले आणि एन मापाचे काम ‘मायक्रो-ट्रेन्स’ या नावाने सुरू झाले. (भावांच्या वाटणीनंतर दोन्ही पेढ्या टिकल्या, हे आमच्या पेठेत क्वचितच दिसते.) मायक्रो-ट्रेन्सची रीत अशी की दर महिन्याला नव्या डब्यांची यादी जाहीर होते. शौकीन त्या यादीची वाट पाहतो, आपल्या आवडीच्या कंपनीचे नाव शोधतो, नसेल तर पुढच्या महिन्याकडे डोळे लावतो. जर्मनीत हाच प्रकार वर्षातून एकदा होतो. न्युरेंबर्गला १९५० पासून खेळण्यांचा मोठा मेळा भरतो, आणि त्याच सुमारास मेर्कलिनसारखे जुने कारखानदार वर्षाचा नवा माल जाहीर करतात.

खऱ्या डब्यांचाही सट्टा

इथे थोडे विषयांतर करतो, कारण गोष्ट व्यापाराच्या पानाला शोभणारी आहे. १९७० नंतर अमेरिकेत बंदिस्त मालडब्यांचा तुटवडा पडला. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर जितके दिवस राही तितक्या दिवसांचे भाडे मालकाला मिळे. सरकारने नव्या डब्यांना हे भाडे वाढवून दिले. झाले! पाच-पंचवीस मैल रूळ असलेल्या चिमुकल्या रेल्वे कंपन्यांच्या नावावर बाहेरच्या लोकांनी पैसा लावून हजारो डबे उभे केले. कर वाचतो, भाडेही येते. हे डबे निळे, हिरवे, नारिंगी अशा भडक रंगांत रंगवलेले असत. १९७४ मध्ये रेल्वे कंपन्यांनी मिळून ‘रेलबॉक्स’ काढली, तिचे डबे पिवळे. पुढे १९८० च्या सुमारास मंदी आली, नियम सैल झाले, भाड्याचे गणित कोसळले, आणि रिकाम्या डब्यांच्या रांगा आडबाजूच्या रुळांवर उभ्या राहिल्या.

त्या सट्ट्यात पैसा बुडाला, पण रंग शिल्लक राहिले. आज छोट्या मालडब्यांच्या कारखानदारांना त्या भडक डब्यांइतका चालणारा माल दुसरा नाही. एक साचा आणि पन्नास रंग! खऱ्या डब्यांनी ज्यांना पैसे मिळवून दिले नाहीत, त्यांची नावे आता प्लॅस्टिकवर विकली जातात.

दुल्हाभाईंचे कपाट

या शौकाशी आमची ओळख नात्यातून झाली. आमच्या मोठ्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही दुल्हाभाई म्हणतो, भिवंडीतून कापड निर्यातीच्या कामासाठी न्यू जर्सीला गेले आणि तिथेच राहिले. आज वय शहात्तर. त्यांच्याकडे एन मापाचे साडेसहाशेच्या आसपास डबे आहेत. बहुतेक दक्षिणेकडच्या कापूस वाहणाऱ्या कंपन्यांचे. त्यांचा विशेष जीव ‘कॉटन बेल्ट’वर. सेंट लुई ते टेक्सास हा प्रदेश जोडणाऱ्या एका कंपनीचे हे टोपणनाव, आणि कापसाच्या व्यापाऱ्याला त्याची भुरळ पडली तर नवल नाही. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या कॉटन ग्रीनला वाघिणींतून उतरत असे, त्या दिवसांच्या गोष्टी ऐकत ते वाढले.

या कॉटन बेल्टने १९३१ मध्ये, ऐन मंदीत, ‘ब्लू स्ट्रीक’ नावाची जलद मालगाडी सुरू केली. ट्रकवाले माल पळवत होते. त्यांना उत्तर म्हणून प्रवासी गाडीच्या वेगाने मालगाडी धावू लागली. दुल्हाभाईंना ती गाडी पुरी जोडायची आहे. हवे तसे काही डबे मिळाले आहेत, काही नाहीत. जे नाहीत ते कोणी तरी काढील, या आशेवर त्यांची कित्येक वर्षे गेली.

आणि आशेचाही आता एक हिशेब झाला आहे. पूर्वी कारखानदार माल बनवी, दुकानदार भरी, गिऱ्हाईक निवडी. आता आधी जाहिरात येते, मग दुकानदारामार्फत मागण्या गोळा होतात, ठराविक तारखेला यादी बंद होते, आणि मागणी पुरेशी झाली तरच माल चीनमधल्या कारखान्यात लागतो. मागणी आली नाही तर जाहीर झालेला डबा कधीच निघत नाही. निघाला तर वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी. मागणी नोंदवली तेव्हाचा भाव माल येईपर्यंत टिकेल असेही नाही. व्यापारी भाषेत सांगायचे तर न खपलेल्या मालाचा धोका पूर्वी कारखानदाराच्या डोक्यावर होता, तो उतरून गिऱ्हाईकाच्या धीरावर आला. कारखानदाराला दोष देण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. साच्यात लाख डॉलर घालणाऱ्याने आंधळेपणाने माल भरावा कसा? पण काही छोटे कारखानदार अजूनही माल हातात आल्यावरच तोंड उघडतात, आणि आमची पसंती त्यांना आहे. नमुना दाखवून दोन वर्षे मुद्दत मागणाऱ्या माणसाला आमच्या पेठेत कोणी बयाणा देत नाही.

त्यात २०२५ सालाने भर घातली. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरची जकात चढवत १४५ टक्क्यांपर्यंत नेली, आणि मे महिन्यात ती ३० टक्क्यांवर आणली. ज्या मागण्या आधीच नोंदल्या होत्या आणि माल चीनमध्ये तयार होत होता, त्यांचा भाव काय धरायचा? एवढ्याशा डब्याच्या धंद्यात अशा चढउतारात दर सांगणेही कठीण होते.

मेलेल्या कंपनीचे नाव कोणाचे?

डब्यावर नाव छापायचे तर ते नाव कोणाच्या मालकीचे, हा वादही या धंद्यात होऊन गेला. कॉटन बेल्ट १९९२ मध्ये सदर्न पॅसिफिकमध्ये विलीन झाली आणि १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक युनियन पॅसिफिकने घेतली. त्यामुळे अशा अनेक बंद पडलेल्या कंपन्यांची नावे व खुणा युनियन पॅसिफिककडे आल्या. या खुणा छोट्या डब्यांवर छापायच्या तर परवाना घ्या आणि विक्रीवर हिस्सा द्या, असा तिने आग्रह धरला, आणि २००४ मध्ये अॅथर्न व लायोनेल या दोन कारखानदारांवर दावा लावला. शौकीन चिडले. ज्या कंपन्यांची आठवण आम्हीच जिवंत ठेवली, त्यांच्या नावाचे भाडे आमच्याकडूनच का, असे त्यांचे म्हणणे. शेवटी २००६ मध्ये एमटीएच या तिसऱ्या कारखानदाराशी तडजोड झाली आणि छोट्या रेल्वेवाल्यांकडून हिस्सा घेण्याचे युनियन पॅसिफिकने सोडून दिले. दुसऱ्याचा छाप आपल्या मालावर मारणे आम्हाला पटत नाही, साडीवरही नाही. पण इथे कोणाचे गिऱ्हाईक फसत नव्हते. डबा युनियन पॅसिफिकचा म्हणून कोणी घेत नव्हते, तिची जाहिरातच फुकट होत होती. ही गोष्ट समजायला एवढ्या मोठ्या कंपनीला इतका वेळ लागावा याचे आश्चर्य वाटते.

आपल्याकडे का नाही?

वाचक विचारतील, आपल्या देशात एवढी मोठी रेल्वे असताना असा धंदा का उभा राहिला नाही? हौस नाही असे नव्हे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि लोक मुलाबाळांसह ते पाहायला जातात. अडचण मापातच आहे. आपल्या रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर. त्याचा सत्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो, आणि जगभर मिळणारे एचओचे रूळ साडेसोळाचे. म्हणजे आपली ‘बॉक्सएन’ कोळशाची वाघीण नेमकी करायची तर रूळ, चाके, इंजिनाचा सांगाडा सारे वेगळे करावे लागते. नाहीतर आपली वाघीण अरुंद रुळांवर बसवायची आणि डोळेझाक करायची. शिवाय बाहेरून माल आणावा तर खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. हे शुल्क देशातल्या खेळणी कारागिरांच्या भल्यासाठी आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तीस डॉलरचा डबा इथे किती रुपयांना पडेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आपांचा प्रश्न

गेल्या वर्षी आपांनी आम्हाला फोनवर विचारले, “तू व्यापारी आहेस. खरे सांग, यांच्या या डब्यांचे किती येतील?” प्रश्न साधा होता, पण त्यामागची काळजी आम्हाला समजली. उद्या दुल्हाभाई नसले तर या साडेसहाशे डब्यांचे करायचे काय? मुलांना त्यात गोडी नाही.

आम्ही जे सांगितले ते सर्वच शौकिनांच्या घरच्यांच्या उपयोगाचे आहे. शौकिनांची पिढी एकदम म्हातारी होत आहे. एकेका घरातून हजार-हजार डबे बाजारात येतात आणि घेणारे तितके नाहीत. दुर्मिळ डबा, मूळ डबीसकट आणि कड्या शाबूत असलेला, अजून चांगली किंमत आणतो. पण तेच दुर्मिळपण कारखानदाराच्या हातात आहे. ज्या डब्याला लोक शंभर डॉलर देत होते, त्याचा साचा पुन्हा चालला की तो तीस डॉलरवर येतो. म्हणजे नवा माल निघावा अशी आशा करणारा शौकीन स्वतःच्याच कपाटाची किंमत खाली यावी अशी इच्छा करत असतो! ही गोष्ट दुल्हाभाईंना सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “हे आम्हाला माहीत आहे.” एका दुकानदाराने सगळे एकगठ्ठा घेण्यासाठी नगाला सहा डॉलर सांगितले. आम्हाला तो भाव अन्यायाचा वाटला नाही. त्याला एकेक डबा विकायला चार-पाच वर्षे लागतील, जागा अडेल, पैसा अडकेल. शिळ्या डिझाईनचा माल आम्हीही याच हिशेबाने उचलतो.

म्हणून आम्ही आपांना सांगितले, किंमत विसरा, आधी साठा-वही करा. कंपनी, क्रमांक, कधी घेतला, कितीला घेतला, डबी आहे की नाही. कोणता डबा दुर्मिळ आहे त्यापुढे खूण करा, म्हणजे पुढे तोही कोणी सहा डॉलरला नेणार नाही. दोघांनी मिळून सारा हिवाळा त्या वहीत घातला. दुल्हाभाई भिंगातून क्रमांक वाचत आणि आपा लिहीत. अकरा डबे दोनदा घेतलेले निघाले. जुन्या साड्यांच्या घडीतही असे निघते, असे आपा म्हणाल्या. ते अकरा त्यांनी जवळच्या एका शौकिनांच्या मेळ्यात दुसऱ्या डब्यांच्या बदल्यात दिले. विकले नाहीत.

वहीच्या शेवटी न आलेल्या मालाचे वेगळे पान आहे. त्यात चौदा नोंदी आहेत. सर्वात जुनी तीन वर्षांपूर्वीची, कॉटन बेल्टच्या डब्याची. तिची तारीख दोनदा पुढे गेली आहे आणि भावही एकदा वाढला आहे. मागणी रद्द करायची का, असे दुकानदाराने कळवले होते. दुल्हाभाईंनी ती ठेवली. आपांनी वहीत जुनी तारीख खोडून नवी लिहिली, पेन्सिलीने.